यादी छापलीत, आता ती दुरुस्तही करा : 'दशकातले दहा शोध' काढणाऱ्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळींना नमस्कार,

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली आता. तुमच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही आणि कुणा एकावर राग काढायला हे लिहीत नाहीये. पण दशक संपलं, अर्धं दशक संपलं की तुम्ही सगळेच 'दशकातले दहा मोठे शोध' म्हणून जी यादी काढता ना, तिच्याबद्दल मनात बरीच वर्षं साठत आलंय, आणि गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प राहणं जमेना, म्हणून हे पत्र आणि तेही सगळ्यांसमोर.

झालं असं की २०१९ च्या डिसेंबरात आलेली अशीच एक यादी मी प्रिंट काढून वर्गाच्या भिंतीवर लावली होती. कुणाची ते सांगत नाही, कारण तशाच याद्या बऱ्याच जणांनी काढल्या होत्या. कित्येक वर्षं ती तिथेच होती. मुलं जाता-येता वाचायची, काहींनी वहीत उतरवून घेतली, दोन-तीन प्रोजेक्ट तिच्यावरून झाले. गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, बाई, तो आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूंचा पेपर तर मागे घेतलाय, मग आपण तो अजून भिंतीवर का ठेवलाय? मला माहीत नव्हतं. घरी जाऊन बघितलं तर पोरगी बरोबर होती. मग त्या रात्री बसून दहाच्या दहा नोंदी तपासल्या, पाच ठिकाणी दुरुस्ती हवी होती. मी सगळं नीट लिहून, कुठे काय बदललं ते सांगून, त्या ऑफिसला मेल केला. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की अशा याद्या वाचकांच्या हलक्याफुलक्या वाचनासाठी असतात आणि जुन्या मजकुरात आम्ही बदल करत नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नव्या यादीची जाहिरात पण केली.

हलकंफुलकं हा शब्द मला लागला. तुमच्या ऑफिसात ती यादी सुट्टीच्या आठवड्यातलं भरताड असेल, माझ्या वर्गात ती सहा बॅचेसच्या मुलांनी वाचली आहे. पाठ्यपुस्तकात नवे शोध यायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे या मुलांना 'आत्ताचं' विज्ञान कळतं ते तुमच्याकडूनच, माझ्याकडूनही नाही, कारण मीही तुमचंच वाचून सांगते. म्हणून माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार, आणि सगळ्यात मोठी : जे पडलं ते तुम्ही सांगतच नाही.

आर्सेनिकचंच घ्या. डिसेंबर २०१० मध्ये नासानं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधले काही जिवाणू आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतात. जीवसृष्टीची व्याख्या बदलणार वगैरे सगळं छापून आलं. २०१२ मध्येच दोन वेगळ्या टीमनी दाखवलं की हे जिवाणू आर्सेनिक सहन करतात हे खरं, पण जगायला त्यांना फॉस्फरस लागतोच. म्हणजे तुमची यादी निघाली तेव्हा या गोष्टीला सात वर्षं झाली होती. जुलै २०२५ मध्ये जर्नलनं पेपर मागे घेतला (मूळ लेखकांना ते मान्य नाही, हेही सांगायला हवं, त्यांची बाजू त्यांनी मांडलेली आहे). मंगळावरच्या 'वाहत्या पाण्या'चंही तसंच. २०१५ मध्ये उतारावरचे काळपट पट्टे म्हणजे खारट पाणी असावं असं जाहीर झालं, २०१७ मध्ये दुसरा अभ्यास आला की हे पट्टे फक्त तेवढ्याच तीव्र उतारांवर दिसतात जिथे कोरडी वाळू आपली आपण घसरते, म्हणजे बहुतेक वाळूच. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीनं विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, खूण पकडल्याचा दावा झाला, २०१५ च्या सुरुवातीला प्लँक उपग्रहाचा डेटा जोडून बघितल्यावर कळलं की त्या सिग्नलचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा आहे. तिन्ही गोष्टी भिंतीवर होत्या. तिन्हीत 'सापडलं' हेच क्रियापद.

आता माझं म्हणणं असं अजिबात नाही की हे शास्त्रज्ञ खोटारडे होते. उलट माझ्या मते या दहा वर्षांतला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग एका चुकीचाच आहे आणि तो कुठल्याच यादीत मला दिसला नाही. सप्टेंबर २०११. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोचत होते आणि ऑपेरा नावाच्या टीमच्या मोजणीत ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसत होते. आइनस्टाइन चुकले अशी हेडलाइन तुम्ही दिलीत. पण ती टीम काय म्हणत होती ते नीट वाचा. ते म्हणत होते की आम्ही कित्येक महिने आमचीच चूक शोधतोय, सापडत नाहीये, आता तुम्ही शोधायला मदत करा. काही महिन्यांनी, २०१२ मध्ये, त्यांनाच सापडलं की घड्याळाला जोडणारी एक फायबर केबल नीट बसलेली नव्हती. त्याच डोंगराखाली असलेल्या दुसऱ्या टीमनं पण मोजलं, न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगानं येत होते. या प्रकरणात टीमच्या दोन प्रमुखांना पद सोडावं लागलं. मी दर वर्षी हा किस्सा सांगते आणि दर वर्षी वर्ग एकदम शांत होतो, कारण मुलांना आयुष्यात पहिल्यांदा दिसतं की मोठी माणसं सगळ्या जगासमोर 'आमचं कुठेतरी चुकतंय' म्हणू शकतात. हे तुम्ही यादीतून वगळता, आणि मग आम्ही विचारत बसतो की पोरं चूक कबूल करायला का घाबरतात.

आणि याच दशकात, २०१५ मध्ये, मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास परत करून बघितले गेले. मूळ अभ्यासांतल्या ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होता, परत केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. विज्ञानानं स्वतःची केलेली इतकी कडक तपासणी हा शोध नाही तर काय आहे? पण त्याला चकचकीत फोटो नाही.

दुसरी तक्रार : प्रत्येक शोधाला एक चेहरा आणि एक तारीख.

एका मुलानं मला विचारलं होतं, बाई, २०१५ ला गुरुत्वीय लहरी सापडल्या, मग त्याच्या आधी ती माणसं काय करत होती? किती सरळ प्रश्न आहे बघा, आणि तुमच्या यादीत त्याचं उत्तर एका शब्दानं नाही. खरं उत्तर असं की आधी त्यांना काहीही सापडत नव्हतं. या लहरी पकडायला बांधलेल्या लायगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळा, प्रत्येकीला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २००२ ते २०१० पर्यंत मध्ये मध्ये चालू होत्या आणि एकही लहर मिळाली नाही. शून्य. मग सगळं थांबवून वर्षानुवर्षं यंत्रं सुधारत बसले.

त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी हातातला चहा विसरले होते. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांना एक जोरदार सिग्नल मिळाला. शेकडो लोकांनी सहा महिने त्यावर काम केलं, अख्खा पेपर लिहून तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये बैठकीत सीलबंद पाकीट उघडलं तेव्हा कळलं की तो सिग्नल त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी मुद्दाम, कुणाला न सांगता घातलेला होता, टीम जागी आहे का ते बघायला. आणि हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं की असं केलं जाऊ शकतं! तरी ते राबले. म्हणून १४ सप्टेंबर २०१५ ला खरा सिग्नल आला, ०.२ सेकंदांचा, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की हा पण घातलेला आहे का. नव्हता. १३० कोटी प्रकाशवर्षं लांब, सूर्याच्या २९ पट आणि ३६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींच्या रूपात निघून गेलं होतं. दोन वेधशाळांमध्ये तो सात मिलिसेकंदांच्या फरकानं पोचला. तरीही लगेच सांगितलं नाही, तपासत बसले आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर केलं. तुमच्या यादीत याला दोन वाक्यं होती, दुसरं वाक्य आइनस्टाइनच्या फोटोखालचं.

हिग्ज बोसॉन या मूलकणाचं पण तसंच. कल्पना १९६४ ची, आणि ती एकट्या पीटर हिग्ज यांची नाही, त्याच वर्षी तीन वेगळ्या ठिकाणी सहा जणांनी ती मांडली होती. त्यांच्यातले रॉबर्ट ब्राउट २०११ मध्ये गेले, म्हणजे ४ जुलै २०१२ ची घोषणा त्यांना ऐकायला मिळाली नाही. ही घोषणा एका नाही, अॅटलास आणि सीएमएस अशा दोन टीमनी केली, आणि २०१५ मध्ये दोघींनी मिळून त्या कणाच्या वस्तुमानाचा जो पेपर लिहिला त्यावर ५,१५४ लेखकांची नावं आहेत, ३३ पानांतली २४ पानं नावांचीच. एवढी माणसं एका गोष्टीवर एकमत झाली हे सांगायचं सोडून तुम्ही 'देवकण' लिहिता. या नावाचा त्या क्षेत्रातल्या लोकांना किती वैताग आहे ते एकदा त्यांनाच विचारा. देवाचा काही संबंध नाही आणि बोसॉन शब्दात सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव आहे, तेवढं सांगितलं असतं तरी मुलांच्या डोक्यात काहीतरी राहिलं असतं.

क्रिस्पर, म्हणजे डीएनएत हवा तिथे बदल करायचं तंत्र, त्याबद्दल मी लांबण लावत नाही, पण २०१२ चा पेपर म्हणजे सगळा शोध नव्हे. १९८७ मध्ये जपानमधल्या टीमला जिवाणूच्या डीएनएत एक विचित्र पुनरावृत्ती दिसली होती आणि ती कशासाठी आहे ते कुणाला कळत नव्हतं. स्पेनचे फ्रान्सिस्को मोहिका खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर वर्षानुवर्षं याच गोष्टीच्या मागे होते, हा जिवाणूंचा विषाणूंपासून बचाव असावा हे त्यांना सुचलं तर तो पेपर अनेक जर्नलनी परत पाठवला, शेवटी २००५ मध्ये छापून आला. २००७ मध्ये ते प्रयोगानं सिद्ध केलं दही बनवणाऱ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या लोकांनी. दही! हे सांगितलं की वर्गातला शेवटचा बाक पण मान वर करतो.

कृष्णविवराचा फोटो, १० एप्रिल २०१९. तुमच्या यादीत तो एका तरुण शास्त्रज्ञ बाईंनी काढला असं होतं. त्या बाईंनी स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं की हे टीमचं काम आहे. आठ दुर्बिणी, दोनशेच्या वर माणसं, डेटा इतका की इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं म्हणून हार्ड डिस्क विमानानं आणल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून होत्या. मग चार गटांनी एकमेकांशी न बोलता चार वेगळ्या प्रतिमा तयार केल्या, आपण जे बघायला उत्सुक आहोत तेच आपल्याला दिसतंय की काय या भीतीनं. आणि तो नारिंगी रंग खरा नाही, १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींना रंग नसतो, तो आपल्याला बघता यावा म्हणून दिलाय. एवढी एक ओळ फोटोखाली टाकायला काय जातं?

तिसरी तक्रार छोटी आहे. 'दुसरी पृथ्वी सापडली' हे कृपा करून बंद करा. २०१५ मध्ये केप्लर-४५२बी हा ग्रह सापडला, सुमारे १,८०० प्रकाशवर्षं लांब, पृथ्वीच्या दीडपटीहून मोठा, त्याचं वस्तुमान मोजलेलं नाही, तो खडकाळ आहे का तेही नक्की नाही. २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह जाहीर झाले, त्यांची तुम्ही छापलेली समुद्रकिनाऱ्याची चित्रं चित्रकारानं काढलेली होती आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटतं आपण तिथले किनारे बघितलेत. केप्लर दुर्बिणीनं २,६०० च्या वर ग्रह शोधले, ताऱ्याचा उजेड ग्रह समोरून जाताना किंचित कमी होतो एवढ्याच गोष्टीवरून. हेच इतकं सुंदर आहे की खोट्या किनाऱ्याची गरज नव्हती.

चौथी तक्रार औषधांची आहे आणि ती माझ्या घरातली आहे, त्यामुळे जरा लांबेल.

माझ्या मावशीला १९८० च्या दशकात बाळंतपणात रक्त द्यावं लागलं होतं. हेपटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, त्याच्या आधी रक्तात तो तपासायची सोयच नव्हती. पंचवीस वर्षांनी तिचं लिव्हर खराब व्हायला लागलं तेव्हा कळलं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, अंगात सतत ताप, केस गळले, मनानं इतकी खचली की बोलायची बंद झाली, आणि एवढं करून विषाणू गेला नाही. तेव्हाच्या उपचारानं साधारण निम्म्याच लोकांना गुण यायचा. मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफॉस्बुविर नावाची गोळी मंजूर झाली. तिथे १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर लावली होती, म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर, आणि आम्ही ती बातमी वाचून नुसते एकमेकांकडे बघत बसलो होतो. नंतर स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या म्हणून मावशीला मिळाल्या. बारा आठवडे. ताप नाही, काही नाही. रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही तेव्हा तिनं तो कागद तीनदा वाचून घेतला माझ्याकडून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये जगात ७ कोटी १० लाख लोकांना हा दीर्घकाळचा संसर्ग होता. तो नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये पूर्ण बरा करता येतो हे याच दशकात शक्य झालं. मी तुमच्या कितीतरी याद्या चाळल्या, मला हे एकीतही मिळालं नाही. मावशी मला विचारते, तुमच्या त्या शोधांत माझी गोळी आहे का गं? काय सांगू मी तिला?

उलट जे औषध तुम्ही यादीत घेता त्याची किंमत आणि अवस्था लिहीत नाही. 'आनुवंशिक आजार आता इतिहासजमा' असं क्रिस्परखाली होतं. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा क्रिस्पर वापरून केलेला उपचार मंजूर झाला २०२३ च्या शेवटी, म्हणजे यादीनंतर चार वर्षांनी, अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, आणि त्यासाठी आधी जोरदार केमोथेरपी घेऊन हॉस्पिटलमध्ये कित्येक आठवडे राहावं लागतं. ज्या घरात तो आजार आहे त्या घरात तुमचं ते एक वाक्य वाचून काय काय आशा लागली असेल, याचा विचार एकदा करा, मनापासून सांगते.

पाचवी : जे हळूहळू होतं ते तुम्हाला दिसत नाही. हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत, चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलं तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होता. १९६४ मध्ये पैसे नाहीत म्हणून काही महिने मोजणी बंद पडली होती. मे २०१३ मध्ये तिथला रोजचा आकडा पहिल्यांदा ४०० च्या वर गेला. कीलिंग तोपर्यंत हयात नव्हते. एकच गोष्ट पिढ्यानपिढ्या मोजत राहणं, याला 'शोध लागला' म्हणायला एक दिवस सापडत नाही म्हणून ते यादीबाहेर. २०११ मध्ये गुरांची बुळकांडी जगातून संपली असं जाहीर झालं, माणसानं पूर्ण नाहीसा केलेला हा दुसराच रोग, पहिला देवी. माझ्या माहितीतल्या एकाही यादीत नव्हता. आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली, १८८९ पासून पॅरिसजवळ कपाटात जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्याऐवजी आता ती प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर आहे, हे मात्र एक-दोघांनी घेतलं होतं, त्यांचे आभार.

सहावी आणि शेवटची. डिसेंबरात यादी बंद होते आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही. २०१९ च्या डिसेंबरात दशकाचा हिशोब मांडणाऱ्या ज्या याद्या मी वाचल्या त्यांत एमआरएनए लसीचं, म्हणजे पुढे कोविडवर वापरलेल्या लसीच्या तंत्राचं, नाव नव्हतं. त्यामागचे शास्त्रज्ञ कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा मूळ पेपर २००५ चा, त्याच्याही आधी १९९५ मध्ये कारिकोंना याच कामापायी विद्यापीठात खालच्या पदावर यावं लागलं होतं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका कोरोना विषाणूच्या काट्याचं प्रथिन दोन छोटे बदल करून स्थिर कसं ठेवायचं ते छापून आलं होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती खुली झाली, १६ मार्चला चाचणीतला पहिला डोस दिला गेला, वर्ष संपायच्या आत लस आली, २०२३ मध्ये दोघांना नोबेल. म्हणजे त्या दशकातलं सगळ्यात जास्त लोकांच्या दंडात गेलेलं विज्ञान त्या दशकाच्या यादीत नाही. याचा दोष मी तुम्हाला देत नाही, कुणालाच ते आधी दिसलं नसतं. पण आता दिसतंय ना? मग ती जुनी यादी उघडून त्यात हे घालायला काय हरकत आहे?

तर मागण्या अशा आहेत.

नवी यादी काढण्याआधी जुनी उघडा आणि शेजारी लिहा, टिकलं, पडलं, की अजून ठरलेलं नाही. पाच वर्षांनी परत तेच करा. चूक कळली तर ती जिथे छापली तिथेच, तारीख टाकून दुरुस्त करा, आणि दुरुस्ती पाठवणाऱ्याला नीट उत्तर द्या.

प्रत्येक शोधाखाली काम कधी सुरू झालं ते वर्ष घाला आणि किती जणांचं आहे ते घाला. चेहरा द्यायचाच असेल तर द्या, पण 'यांच्या टीमनं' एवढे दोन शब्द तरी.

चित्र असेल तर चित्र लिहा, रंग दिलेला असेल तर तसं लिहा.

औषध असेल तर ते चाचणीत आहे की मंजूर आहे, किती रुग्णांवर बघितलं, त्रास काय होतो आणि किंमत काय, हे त्याच परिच्छेदात हवं, खाली बारीक अक्षरात नको.

छापण्याआधी त्या विषयातल्या पण त्या शोधात सामील नसलेल्या एका माणसाला फोन करा. एकच फोन. आर्सेनिकची नोंद त्या एका फोनवर गळाली असती.

दहातली एक जागा चुकलेल्या दाव्यासाठी ठेवा आणि एक जागा संथ कामासाठी. मग उरलेल्या आठांत काय हवं ते घ्या, मी भांडणार नाही.

भिंतीवरची ती यादी मी काढलेली नाही. नववीच्या मुलांनी त्यावर लाल पेनानं पाच दुरुस्त्या केल्यात, प्रत्येकीपुढे वर्ष घातलंय, आणि सगळ्यात खाली त्या मुलीनं मला विचारून अकरावा नंबर घालून मावशीची गोळी लिहिली आहे. त्याचा फोटो त्याच मेलच्या उत्तरात परत पाठवलाय. या वेळी उत्तराची वाट मी एकटी बघत नाहीये, बेचाळीस मुलं रोज सकाळी विचारतायत, बाई, आलं का काही?

आपली,
आठवी ते दहावीची विज्ञानाची एक शिक्षिका